खडकीची बिनतारी आणि घरांतली पेटी

खडकी म्हटलें म्हणजे पुणेकरांच्या डोळ्यांपुढें दोन चित्रें उभीं राहतात. पहिलें ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईचें; दुसरें १८६९ सालीं स्थापन झालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याचें. तिसरें एक चित्र आहे, पण तें फारसें कोणाच्या स्मरणांत नसतें. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांच्याशीं शुभसंदेशांची देवघेव केली, आणि हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामधील बिनतारी तारायंत्राचा मार्ग खुला झाला. त्या मार्गाचीं हिंदुस्थानांतील दोन ठाणीं म्हणजे खडकी आणि दौंड. त्याच दिवशीं मुंबईचें ध्वनिक्षेपण-केंद्रही त्यांच्याच हस्तें सुरू झालें. मुंबईच्या केंद्राची कीर्ति घरोघर पोहोंचली. खडकीचें नांव मागें पडलें.

आज मात्र खडकीची आठवण प्रत्येक घरानें करावी असा प्रसंग आला आहे. कारण त्या काळीं जें काम मोठमोठ्या खांबांवर टांगलेल्या तारा करीत, तेंच काम आतां भिंतीवरच्या एका लहानशा पेटींत चालतें. तिला कोणी राउटर म्हणतात, कोणी ॲक्सेस पॉइंट म्हणतात, आणि बहुतेक घरांत तिचें नांव नुसतें ‘वाय-फाय’ असें आहे. काटेकोर बोलावयाचें तर राउटर हा घराच्या उंबरठ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुराला वाट दाखवितो, आणि ॲक्सेस पॉइंट हा तारेंतून आलेला मजकूर लहरींवर चढवितो. घरगुती पेटींत हीं दोन्ही कामें एकत्र असतात. म्हणजे प्रत्येक घर हें एक बिनतारी ठाणें झालें आहे. पण त्या ठाण्याला ठाणेदार नाहीं. पेटी कारखान्यांतून ज्या मांडणीनें आली, त्याच मांडणीनें ती वर्षानुवर्षें चालते.

त्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. समजा, खडकी बाजाराच्या एखाद्या गल्लींत एक दुमजली घर आहे. पेटी खालच्या खोलींत, लोखंडी कपाटामागें ठेविलेली. माडीवर मुलीची परीक्षा संगणकावर चालू आहे. खालीं आजोबा दवाखान्यांतील डॉक्टरांशीं पडद्यावर बोलत आहेत. स्वयंपाकघरांत मायक्रोवेव्हची शेगडी फिरते आहे, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून दहा-बारा पेट्यांच्या लहरी भिंती ओलांडून आंत येत आहेत. नेमक्या वेळीं प्रश्नपत्रिका अर्ध्यावर थांबते आणि डॉक्टरांचा आवाज तुटतो. घरांतील कर्ता पुरुष बाजारांत जातो व अधिक जोराची, अधिक शिंगांची पेटी घेऊन येतो. आठवड्यानें शेजारीही तसेंच करतो. पुढच्या महिन्यांत दोघांचीही तक्रार पूर्ववत् असते. येथें चूक पेटीची नाहीं. जोर म्हणजे पोहोंच, ही समजूत चुकीची आहे. ही समजूत शंभर वर्षांपूर्वीं तज्ज्ञांचीही होती, आणि ती खोटी ठरविणाऱ्या ठाण्यांपैकीं एक खडकीला होतें.

त्या काळीं दूर देशीं बिनतारी संदेश धाडावयाचा तर प्रचंड शक्ति लागते असें मानीत. इंग्लंडांत रग्बी येथें १९२६ सालीं सुरू झालेलें केंद्र ह्या विचाराचें उत्तम उदाहरण होय. त्याच्या लहरीची लांबी अठरा हजार मीटरांहून अधिक होती, शक्ति शेंकडों किलोवॅट होती, आणि ती शक्ति चोहोंकडे सारखीच उधळली जाई. मार्कोनी व त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांनीं निराळी वाट धरली. त्यांनीं शंभर मीटरांहून आखूड अशी लहर घेतली. उंच खांबांवर तारांचा एक पडदा टांगला, आणि त्यामागें परावर्तनासाठीं दुसरा. कंदिलामागें आरसा ठेवला म्हणजे सगळा उजेड एका बाजूस पडतो, त्याचप्रमाणें ह्या पडद्यांमुळें सगळी शक्ति एका दिशेस जाऊं लागली. रग्बीशीं तुलना करतां तिचा अगदीं लहानसा अंश, म्हणजे सुमारें वीस किलोवॅट, पुरेसा झाला. हिला बीम, म्हणजे शलाका-पद्धति, असें नांव पडलें. खडकीची शलाका वायव्येकडे इंग्लंडचा रोख धरून निघे.

दुसरी गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. बोलण्याची जागा खडकीस ठेवली, आणि ऐकण्याची जागा तेथून सुमारें पाऊणशे किलोमीटरांवर दौंडला. इंग्लंडांतही प्रक्षेपण ग्रिम्सबीजवळ व ग्रहण स्केगनेसजवळ, अशीच विभागणी होती. स्वतःच्या आवाजानें स्वतःचेच कान बधिर होऊं नयेत, हा त्यांतील हेतु. शिवाय लघुलहरींच्या मार्गावर दिवसा व रात्रीं आकाशाच्या वरच्या थरांची स्थिति पालटते. म्हणून वेळ पाहून लहरही पालटावी लागे. दिशा कोणती, लहर कोणती, जोर किती आणि ऐकावयाचें कसें, ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें विचारपूर्वक दिल्यामुळें खडकीचें ठाणें यशस्वी झालें. घरांतल्या पेटीचे प्रश्नही हेच चार आहेत. त्यांत पांचवा एक मिळवावा लागतो: दार कोणासाठीं उघडें ठेवावयाचें?

हे प्रश्न पेटीला विचारण्याची जागा फार अवघड नाहीं. तिच्या तळाशीं चिकटविलेल्या पट्टीवर एक पत्ता छापलेला असतो. पुष्कळदां तो १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा असतो. पेटीशीं जोडलेल्या संगणकावर ब्राउझर उघडून हा पत्ता टाकला कीं पेटीचें पान उघडतें. त्यांत ‘वायरलेस’ असें एक प्रकरण असतें, आणि त्याच्या पोटांत ‘ॲडव्हान्स्ड’ असें दुसरें. पुष्कळ सुशिक्षित माणसें ह्या दुसऱ्या शब्दाला भिऊन परत फिरतात. वास्तविक त्यांतील निम्म्याहून अधिक गोष्टींना हात लावण्याचें कारणच नसतें. ज्यांना लावावयाचा, त्या मोजक्या आहेत.

पहिला प्रश्न लहरीचा. जुन्या वाय-फायचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढा आहे. त्याच्या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वितीहून आखूड. भारतांत हा पट्टा २००५ सालच्या नियमांनीं परवान्यावांचून वापरण्यास मोकळा झाला. ह्या पट्ट्यांत आपल्याकडे तेरा चॅनल मोजतात. परंतु तेराही स्वतंत्र आहेत असें मात्र नाहीं. एका चॅनलपासून दुसरा अवघा ५ मेगाहर्ट्झवर आहे, आणि प्रत्येक पेटीला बोलण्यास सुमारें २० मेगाहर्ट्झ रुंदीची जागा लागते. म्हणून एकमेकांच्या अंगावर न येणारे असे चॅनल तीनच उरतात: १, ६ आणि ११.

येथें पुष्कळांची फसगत होते. आजूबाजूच्या सर्व पेट्या १ वर आणि ६ वर आहेत, मग मधला ३ रिकामा दिसतो. तोच घ्यावा असें वाटतें. पण वाय-फायच्या पेट्यांचा एक शिष्टाचार आहे. प्रत्येक पेटी बोलण्यापूर्वीं ऐकते, आणि कोणी बोलत असल्यास थांबते. एकाच चॅनलवरील दोन पेट्यांना एकमेकींचें बोलणें समजतें. त्या आळीपाळीनें बोलतात. तिसऱ्या चॅनलवरची पेटी मात्र पहिलीचें बोलणें समजूं शकत नाहीं. तिला तो नुसता कोलाहल वाटतो, आणि पहिलीलाही हिचा. एका पंगतीला बसून पाळीनें बोलणें परवडलें; दोन पंगतींच्या मध्यें उभें राहून दोघींनाही अडविणें परवडत नाहीं. यास्तव १, ६ व ११ ह्यांपैकीं ज्यावर शेजारचा गलबला कमींत कमी असेल, तो चॅनल निवडून कायम करावा. तो पाहण्यासाठीं फोनवर चालणारीं साधनें फुकट मिळतात.

चॅनलच्या शेजारींच रुंदीचा रकाना असतो. त्यांत २० किंवा ४० असा पर्याय असतो, आणि मोठा आंकडा माणसाला नेहमींच मोह घालतो. परंतु ४० मेगाहर्ट्झ घेणें म्हणजे उण्यापुऱ्या ८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग एकट्यानें अडविणें होय. रस्ता रुंद केला म्हणून गाड्या वेगानें जातील ही अपेक्षा खरी, पण रस्ता शेजाऱ्याच्या अंगणांतून काढला तर तेथील गर्दीही आपल्याच वाट्याला येते. दाट वस्तींत ह्या पट्ट्यावर २० हीच रुंदी ठेवावी. मायक्रोवेव्ह शेगडीही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच काम करते. म्हणून पेटी स्वयंपाकघरापासून दूर असावी.

दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेनें ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ, मिळून ६०५ मेगाहर्ट्झ, भारतांत परवानामुक्त झाले. जुन्या पट्ट्याच्या सातपट जागा येथें आहे. येथें ४० किंवा ८० ची रुंदी घेतली तरी दाटी कमी होते. परंतु ह्याची लहर पांच-सहा सेंटिमीटरांची. भिंतींपुढें ती लवकर थकते. खडकीच्या छावणींतील जुन्या बंगल्यांच्या जाड भिंती आणि नव्या इमारतींचा लोखंडी सळ्यांचा काँक्रीट, ह्या दोन्हींतून ती निस्तेज होऊन बाहेर पडते. म्हणून व्यवहार असा ठेवावा कीं, ज्या खोलींत पेटी आहे तेथील व लगतच्या खोलींतील महत्त्वाचें काम ५ वर चालावें. दूरच्या खोलीसाठीं आणि दिवे, पंखे, घंटी असल्या किरकोळ यंत्रांसाठीं जुना पट्टा ठेवावा.

ह्या दुसऱ्या पट्ट्याचा एक स्वभाव आधींच माहीत असावा. त्याच्या मधल्या भागांत हवामानखात्याचीं व लष्करी रडारें काम करतात, आणि त्यांचा हक्क पहिला. जगभर प्रचलित असलेल्या संकेताप्रमाणें, अशा चॅनलवर बोलण्यापूर्वीं पेटीनें किमान एक मिनिट गप्प बसून ऐकावयाचें असतें. पुढेंही रडारची चाहूल लागली तर जागा सोडून दुसरीकडे जावयाचें असतें. पेटी सुरू केल्यावर हें नांव उशिरां दिसतें, किंवा मधेंच नाहीसें होतें, त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. ज्यांना हा खंड सोसवत नाहीं त्यांनीं ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ ह्यांमधील चॅनल घ्यावा. पेटींत देशाचा एक रकाना असतो. त्यांत ‘इंडिया’ हेंच नांव असावें. दुसऱ्या देशाचें नांव घालून अधिक जोर किंवा निषिद्ध चॅनल मिळविण्याची युक्ति कोणी सुचविली तर ती ऐकूं नये. ती बेकायदेशीर आहे, आणि तिनें ज्याचें काम बिघडतें तो कोण हें आपल्याला कधींच कळत नाहीं.

दुसरा प्रश्न जोराचा. ‘ट्रान्समिट पॉवर’ ह्या नांवाखालीं कमी, मध्यम व पूर्ण असे पर्याय पुष्कळ पेट्यांत असतात. कारखान्याची मांडणी बहुधा पूर्णावर असते. जुन्या पट्ट्यांत कायद्याची कमाल मर्यादा एक वॅट, आणि अँटेनाच्या दिशालाभासह चार वॅट, अशी आहे. घरगुती पेटी ह्याहून पुष्कळच कमी, साधारण दशांश वॅटच्या आसपास, चालते. तीही नेहमीं पूर्ण जोरानें चालावी असें नाहीं. कारण संभाषण दुतर्फा असतें. पेटीला भिंतींतून वीज मिळते; फोनला आपली लहानशी बॅटरी पुरवावयाची असते, म्हणून त्याचा आवाज बारीक. पेटी ओरडली तर तिचा आवाज परसांत पोहोंचेल. पण परसांतून फोनचें उत्तर पेटीला ऐकूं येणार नाहीं. फोनच्या पडद्यावर खुणा भरलेल्या दिसतात आणि काम होत नाहीं, हा नित्याचा अनुभव येथून उगवतो. दौंडचे कान खडकीच्या तोंडाइतकेच महत्त्वाचे होते, हें येथें आठवावें.

जोर उतरविल्यानें पोहोंच एकदम निम्मी होईल ही भीतिही निराधार आहे. मोकळ्या जागेंत शक्ति निम्मी केली तरी पोहोंच सुमारें सात-दशांश राहते; उलट पोहोंच दुप्पट करावयाची तर शक्ति चौपट लागते. म्हणून लहान घरांत मध्यम जोर पुरतो, आणि शेजाऱ्याच्या घरांतला आपला गलबला तेवढा कमी होतो. हें एकट्यानें केलें तर लाभ थोडा. चाळींतील किंवा इमारतींतील दहाजणांनीं केलें तर सर्वांचा लाभ मोठा. आकाशलहरी ह्या सामायिक विहिरीसारख्या आहेत. एकानें मोटार लावली म्हणून दुसऱ्यानें त्याहून मोठी लावावी, ह्यांत विहीरच आटते.

तिसरा प्रश्न दिशेचा. पेटीच्या सरळ उभ्या शिंगांतून लहर सर्व बाजूंस आडवी पसरते. शिंगाच्या टोकाच्या रोखानें ती अगदीं थोडी जाते. म्हणून एकाच मजल्यावरील खोल्यांसाठीं शिंगें उभीं ठेवावीं. वरच्या मजल्यावर पोहोंचावयाचें असल्यास त्यांतील एखादें आडवें करून पाहावें. पेटी घराच्या मध्यावर, छातीच्या वर, लोखंड, आरसा व पाण्याची टाकी ह्यांपासून दूर असावी. जागा बदलण्यास एक पैसाही लागत नाहीं, आणि ‘ॲडव्हान्स्ड’ पानावरील कोणत्याही रकान्यापेक्षां तिचा परिणाम मोठा असतो.

घर मोठें असेल तर एका पेटीला ओरडावयास लावण्यापेक्षां दोन पेट्यांना हळू बोलूं द्यावें. दुसरी पेटी शक्य तर तारेनें पहिलीशीं जोडावी, दोघींना नांव व परवलीचा शब्द एकच द्यावा, चॅनल मात्र निरनिराळे ठेवावे. दोघींचा जोर पूर्ण ठेवला तर फोन माडीवर गेला तरी खालच्याच पेटीला चिकटून राहतो; मध्यम ठेवला तर तो जवळचीकडे वळतो. कांहीं पेट्यांत अतिशय मंद गति बंद करण्याचीही सोय असते. १९९७ सालच्या पहिल्या मानकांतील १ व २ मेगाबिटच्या गति आजही जुन्या पट्ट्यांत जिवंत आहेत. त्या गतीनें बोलणारें एक यंत्र इतर सर्वांचा वेळ खातें. दाराशीं उभें राहून तास-तास बोलणाऱ्या पाहुण्यासारखें. त्या बंद केल्यानें घर मोकळें होतें. मात्र एखादें जुनें यंत्र जोडलें जाईनासें झालें, तर कारण हेंच समजून ती मांडणी परत फिरवावी.

आतां पांचवा प्रश्न, दाराचा. खडकीहून निघालेली शलाका अरुंद होती खरी, तरी तिच्या वाटेंत योग्य यंत्र घेऊन बसलेल्या कोणालाही ती ऐकतां आली असती. लहरीला कुंपण नसतें, म्हणून गुप्ततेसाठीं सांकेतिक लिपीचा आश्रय करावा लागतो. घरांतल्या पेटीचेंही तसेंच आहे. तिची लहर उंबरठ्यावर थांबत नाहीं.

ह्याची किंमत काय पडते, तें महाराष्ट्रानें २००८ सालीं पाहिलें. त्या वर्षीं २६ जुलैला अहमदाबादेंत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तसंस्थांकडे जबाबदारी स्वीकारणारें एक ई-पत्र पोहोंचलें होतें. तपास करणारे अधिकारी पत्राचा माग काढीत नवी मुंबईंत सानपाडा येथील एका घरीं गेले. तेथें राहणारा गृहस्थ परदेशी होता. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हतें, आणि परक्या माणसानें तें वापरलें होतें, असें पुढें निष्पन्न झालें. तोंवर त्या कुटुंबाला चौकशीच्या चक्रांतून जावें लागलें. त्याच वर्षीं मुंबई परिसरांतील आणखीही कांहीं ठिकाणच्या वाय-फायचा असाच दुरुपयोग झाला. २००९ सालीं दूरसंचार खात्यानें सेवा पुरविणाऱ्यांना वाय-फाय सुरक्षित राखण्याविषयीं सूचना काढल्या. पण सूचना कागदावर असते. कुलूप घरच्याच माणसाला लावावें लागतें.

कुलूप लावण्याची रीत अशी. ‘सिक्युरिटी’ ह्या रकान्यांत डब्ल्यूपीए-३ निवडावें. जुनीं यंत्रें असल्यास डब्ल्यूपीए-२ व ३ यांचा मिश्र पर्याय घ्यावा. डब्ल्यूईपी हें कुलूप २००१ सालींच निकामी ठरलें आहे. तें असून नसल्यासारखें. परवलीचा शब्द लांब असावा; चार-पांच असंबद्ध शब्दांची माळ ही आठ अक्षरांच्या चमत्कारिक जुळणीपेक्षां बळकट असते व लक्षांतही राहते. डब्ल्यूपीएस नांवाची सोय बंद करावी. तिच्यांतील आठ आंकड्यांचा क्रमांक पेटी दोन तुकड्यांत तपासते, आणि शेवटचा आंकडा आधींच्या सातांवरून काढतां येतो. त्यामुळें कोट्यवधि शक्यतांऐवजीं फार तर ११,००० प्रयत्नांत तो सांपडतो, हें २०११ च्या डिसेंबरांत उघड झालें. पेटीच्या पानाला स्वतःचा निराळा परवलीचा शब्द असतो. कारखान्याचा तसाच ठेवला तर बाकीचीं कुलुपें व्यर्थ होत. पेटीच्या आज्ञावलीची नवी आवृत्ति निघाली म्हणजे ती बसवावी.

कांहींजण पेटीचें नांव लपवितात आणि निश्चिंत होतात. पेटी सेकंदाला सुमारें दहा वेळां आपलें नांव पुकारते. तें पुकारणें थांबविलें म्हणून ती अदृश्य होत नाहीं. उलट घरचे फोन जातील तेथें ‘अमुक नांवाची पेटी आहे काय?’ असें विचारीत फिरतात, आणि तें नांव चव्हाट्यावर येतें. त्यापेक्षां ‘गेस्ट नेटवर्क’ ही सोय उपयोगी. पाहुण्यांसाठीं व घंटी-दिव्यांसारख्या यंत्रांसाठीं दिवाणखान्यासारखी ती वेगळी खोली आहे. तेथें बसणाऱ्याला इंटरनेट मिळतें, पण घरांतल्या संगणकापर्यंत जातां येत नाहीं. पाहुण्याला ओसरी द्यावी, तिजोरीची खोली नव्हे, हा आपल्या घरांचा जुनाच नियम आहे.

शेवटीं पद्धतीविषयीं. एका बैठकींत दहा रकाने बदलूं नयेत. प्रथम आहे त्या मांडणीची प्रत पेटीच्या पानावरूनच उतरून ठेवावी. मग एक बदल करावा, दोन दिवस पाहावें, आणि वहींत टिपावें: तारीख, काय बदललें, कोणत्या खोलींत गति किती मिळाली. मोजणी एकाच जागीं, एकाच यंत्रावर, सकाळीं व रात्रीं अशी दोनदां करावी. कारण रात्रीं शेजारपाजारच्या सर्व पेट्या जाग्या असतात. आणि तारेनें जोडलेल्या संगणकावरही गति कमीच दिसली, तर दोष लहरींचा नसून बाहेरून येणाऱ्या जोडणीचा आहे. तेथें चॅनल बदलून कांहीं होणार नाहीं. मुलीच्या परीक्षेच्या दिवशीं मात्र कोणताही प्रयोग करूं नये. तिच्या संगणकाला सरळ तार जोडावी. बिनतारीचें खरें ज्ञान असलेल्या माणसाला तारेचा कमीपणा वाटत नाहीं.

खडकीचा शलाका-मार्ग पुढें अनेक हातांत गेला. १ जानेवारी १९४७ रोजीं परदेशी दळणवळणाची ही सेवा सरकारनें आपल्याकडे घेतली. १९७१ सालीं पुणें जिल्ह्यांतच, नारायणगांवजवळ आर्वी येथें, उपग्रहाशीं बोलणारें केंद्र उभें राहिलें. त्यानंतर समुद्रतळाच्या काचेच्या तारांनीं बहुतेक भार उचलला. साधनें पालटलीं, तरी खडकीला ठरलेला विचार पालटला नाहीं. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याच्याच रोखानें, लागेल तेवढ्याच आवाजांत, दुसऱ्याचें बोलणें चालू नसतांना बोलावें, आणि उत्तर ऐकण्यासाठीं कान मोकळे ठेवावे. खडकी बाजारांतल्या त्या दुमजली घरानें पेटी कपाटामागून काढून जिन्याशेजारीं ठेवली, एक चॅनल कायम केला, जोर मध्यम केला आणि दाराला कुलूप लावलें, तर नवी पेटी घेण्याचें बहुधा कारण पडणार नाहीं. माडीवरची परीक्षा पुरी होईल, खालीं आजोबांना डॉक्टरांचें बोलणें स्पष्ट ऐकूं येईल, आणि शेजारच्या घरांतही त्या रात्रीं तक्रार थोडी कमी होईल.